दोन पडद्यांवरचा एकच सिनेमा

रविवारी दुपारी धाकटा भाऊ नवा टीव्ही घेऊन आला आणि बहिणीच्या जुन्या टीव्हीशेजारी मांडून दोन्हींवर एकच सिनेमा लावला.

"सांगा दाजी, फरक दिसतो?"

दाजी शाळेची बस चालवायचे. खुर्चीत रेलून म्हणाले, "काडीचाही नाही. दुकानदारानं चुना लावला तुला."

"लांबून बऱ्याच जणांना कळत नाही. जवळ या."

खुर्ची पुढे सरकली. बहिणीला नव्या पडद्यावर नायकाची खुरटी दाढी, कोटाचा सुटलेला दोराही दिसला. दाजींचं पालुपद तेच. भावाला चेव चढला. त्यानं जुन्या टीव्हीवरचं चित्र पार खराब करून टाकलं. माणसांचे नुसते डाग उरले.

"आता?"

"सारखंच की रे!"

भाऊ खो खो हसला. ती मात्र हसता हसता थांबली. नव्या पडद्याकडे बोट करून तिनं विचारलं, "अहो, त्या बाईच्या कडेवर काय आहे?"

"कडेवर? गाठोडं असेल काहीतरी."

ते तान्हं मूल होतं. भावानं गुपचूप आवाज बंद केला.

"कधीपासून?" तिनं विचारलं.

"बोभाटा करू नकोस. रस्ता पाठ आहे मला."

"रस्ता पाठ असेल. आडवी येणारी माणसं?"

तिनं फोन उचलला, तसे दाजी ताडकन उठले. "पोटावर पाय देतेस माझ्या!"

"देते," ती म्हणाली आणि तिनं डेपोप्रमुखांना सगळं सांगून टाकलं. पलीकडून त्यांनी विचारलं,

"वहिनी, मागच्या आठवड्यात बसचा बंपर चेपला होता. कुत्रं आडवं आलं म्हणाले होते. कुत्रंच होतं ना?"

फोनवर हात ठेवून तिनं नवऱ्याला तोच प्रश्न विचारला.

"उतरून बघितलं नाही मी," ते भिंतीकडे तोंड करून म्हणाले. "मुलं ओरडत होती. शाळेला उशीर होत होता."

डेपोप्रमुखांनी दोघांना ताबडतोब बोलावलं. पोलिसांनाही कळवतो म्हणाले. जिना उतरताना तिनं नवऱ्याचा हात धरला. ते प्रत्येक पायरी आधी पायानं चाचपत होते. इतके दिवस हे आपल्या लक्षात कसं आलं नाही, याचीच तिला आता भीती वाटत होती.