चौतिसावं गोपद्म

निवृत्तीच्या दिवशी वॉर्डातल्या मुलींनी मला शाल दिली, नारळ दिला आणि विचारलं, "सिस्टर, आता काय करणार?"

"घरी बसणार," मी म्हटलं.

त्या हसल्या. त्यांना वाटलं मी गंमत केली.

पण मला खरंच घरी बसायचं होतं. सदतीस वर्षं दवाखान्यात दिवसरात्रीच्या पाळ्या केल्या. किती व्रतं धरली आणि किती ड्यूटीपायी मोडली, देवालाच ठाऊक. मखमलाबाद रस्त्यावरचं हे लहानसं रो-हाऊस घेऊन पाच वर्षं झाली होती, पण त्यात मी नुसती झोपायला यायचे. सकाळचं ऊन आधी देवघरावर येतं नि मग स्वयंपाकघरात जातं, हे मला निवृत्त झाल्यावर कळलं.

यंदा आषाढी एकादशीला दोन नेम धरले. दुपारचं जेवण मौनात, आणि रोज तेहेतीस गोपद्मं. गोपद्म म्हणजे रांगोळीनं काढलेलं गाईचं पाऊल. दोन खूर, मधे फट, वर हळदीकुंकवाचं बोट. कार्तिकीपर्यंत रोज काढायची, अशी पाच वर्षं, मग उद्यापन.

शेजारची मंजुषा म्हणाली, "सिस्टर, हे सवाष्णींचं व्रत ना?"

आमचे हे जाऊन नऊ वर्षं झालीत. मी म्हटलं, "गाय काही कपाळ बघून पाऊल टाकत नाही गं."

सकाळी आंघोळ झाली की व्हरांड्यात तुळशीपुढे पाट घेऊन बसायचं. अकराच्या तीन ओळी. मग पूजा, पोथी, वरणभात. जेवताना तोंड बंद, त्यामुळे भाताची चवसुद्धा नीट कळायची. कोणी हाक मारायचं नाही, घंटा वाजायची नाही. आयुष्यात इतकं सुख मी एका जागी बसून कधी भोगलं नव्हतं.

फक्त माझ्या लेकीला, वैष्णवीला, ते पटत नव्हतं. ती पुण्यात अकराव्या मजल्यावर राहते. श्रावणात एकदा पोथीच्या नादात गॅसवर दूध करपलं, पातेलं काळं झालं. मी फोनवर हसत हसत सांगितलं. ती हसली नाही.

"आई, परत असं काही झालं ना, तर मी विचारत बसणार नाही. गाडी घेऊन येईन. तिथे एकटी राहायचं नाही मग."

मी हो म्हटलं. दूध पुन्हा करपू दिलं नाही.

अनंत चतुर्दशी झाली. दुसऱ्या दिवशी जेवून व्हरांड्यात आले, तर ओळींपासून जरा बाजूला, दाराकडे, एक गोपद्म जास्त. मोजली, चौतीस. म्हटलं, बोलता बोलता हात चालला असेल. पण मी बोलले कोणाशी?

त्यानंतर रोज पाटावरून उठण्याआधी दोनदा मोजू लागले. तेहेतीस. जेवण होईपर्यंत व्हरांड्याच्या जाळीला आतून कुलूप. जेवून आले की चौतीस. आणि ते माझ्या हातचं नव्हतं. माझी फट सरळ असते. याचे खूर डावीकडे कललेले, रेघ मधेच तुटलेली, हात थरथरल्यासारखी. त्यावर हळदीकुंकूही होतं. माझा करंडा तर देवघरात, झाकण लावलेला.

मी घाबरले. पण भुताखेताला नाही. दवाखान्यात मी अशी म्हातारी माणसं पाहिलीत, जेवून हात धुतात आणि विचारतात, ताट कधी येणार? स्वतःच्या चपला उशीखाली लपवायच्या आणि आम्हाला चोर म्हणायचं. त्यांतल्या एकालाही आपलं काय होतंय ते कळत नव्हतं. मी खुर्चीत बसून शंभरातून सात सात वजा केले. त्र्याण्णव, शहाऐंशी, एकोणऐंशी, थेट दोनपर्यंत. तिथी बरोबर, वार बरोबर. तरी मन म्हणे, विसरणाऱ्यालाही सगळं बरोबरच वाटतं.

मग मी करू नये ते केलं. गोपद्मं त्याच दिवशी पुसत नाहीत, सकाळी पाणी शिंपडून मग जागा सारवल्यासारखी करतात. मी ओल्या फडक्यानं ते चौतिसावं पुसून टाकलं. मंजुषा बघेल, वैष्णवीला कळवेल, गाडी येईल, एवढंच डोक्यात.

दुसऱ्या दिवशी ते उंबऱ्याच्या आत होतं.

तेही पुसलं. त्याच्या पुढच्या दिवशी हॉलमध्ये, सोफ्याच्या पायाशी. मग पंख्याखाली. पाऊल प्रत्येक वेळी देवघराकडे तोंड करून. मी पुसत होते, तसतसं ते आत येत होतं. त्या फरशीवर पाय ठेवला की दुपारच्या उन्हातही गार लागायचं.

अशीच गुडघ्यावर बसून पुसत होते आणि मंजुषा मेथीची जुडी घेऊन आत आली. ती चांदवडकडची, बोलायला मोकळी. पण फरशी बघून तिच्या हातातली जुडी खाली गेली.

"हे कोणी काढलं?"

"मीच. चुकून."

"नाय सिस्टर. तुमचं नाय हे." ती वाकली. "हे कललंय. मैनाकाकूंचं हाय हे."

मैनाकाकू म्हणजे माझ्याआधी या घरात राहायच्या त्या. मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं, घर त्यांच्या मुलाकडून घेतलं होतं.

"त्यांचा उजवा हात गेला होता," मंजुषा सांगू लागली. "डाव्या हातानं काढायच्या. दुपारपर्यंत चालायचं त्यांचं. चार वर्षं केली, पाचव्या वर्षी अनंत चतुर्दशीच्या दुसऱ्या दिवशी मुलगा गाडी घेऊन आला. कार्तिकीपर्यंत राहू दे रे, म्हणत होत्या. तो म्हणला, तिकडं काढ की! मी होते ना इथंच उभी. नवरात्रात गेल्याचीच खबर आली."

ती उंबऱ्यापर्यंत गेली आणि वळली. "जीवच रमला नसंल बघा तिकडं."

मला वाटलं तिला चहा द्यावा. पण ती थांबली नाही, आणि घरी जाऊन तिनं पहिला फोन वैष्णवीला केला.

दुसऱ्या दिवशी अकरा वाजता गाडी दारात. वैष्णवी आत आली, तिनं माझा चेहरा बघितला, गॅस बघितला, आणि कपाटातून बॅग काढली.

"मंजुषामावशी सांगत होती, तू फरशीवर काहीतरी काढतेस, पुसतेस, परत काढतेस."

"पुसते मी. काढत नाही."

"आई!"

"वैशू, कपडे भर. मी अडवत नाही. पण आधी माझ्याबरोबर मोज."

तिनं उसासा टाकला, पण मोजलं. बोट दाखवत, मोठ्यानं. तेहेतीस. हॉलची फरशी कोरडी, स्वच्छ, तीही तिला दाखवली. जाळीचं कुलूप तिनंच लावलं आणि किल्ली पर्समध्ये टाकली.

"आता जेवू," मी म्हटलं. "जेवताना बोलायचं नाही हं मी."

"माहीत आहे गं."

आम्ही स्वयंपाकघरात पानावर बसलो. तिनं दोन घास खाल्ले असतील. बाहेर पितळी झाकण वाजलं. करंड्याचं. लहानसा आवाज, पण घरात दुसरा आवाजच नव्हता.

"आई, मांजर आहे का?"

मी मान हलवली. नाही.

मग घासल्यासारखा आवाज. सावकाश. थांबून. परत. मध्ये कोणीतरी दम खात असावं तसा. वैष्णवीनं माझं मनगट धरलं.

"आई, कोण आहे बाहेर? बोल ना!"

मौन मोडलं तर पानावरून उठावं लागतं, आणि माझा ताकभात बाकी होता. शिवाय खरं सांगायचं तर मला उठायचं नव्हतं. कोणी काही काढत असेल तर त्याला मधेच उठवू नये, असं आतून वाटलं. मी शेवटचा घास खाल्ला, आपोष्णी घेतली, हात धुतला. लेक माझ्या पदराला धरून मागे आली, लहानपणी अंधाऱ्या जिन्यात यायची तशी.

देवघरापुढे, अगदी पाटाला लागून, एक पाऊल होतं. डावीकडे कललेलं. मी बोट लावलं. कुंकू ओलं होतं.

"चौतीस," मी म्हटलं, आनंदानं. "बघ, माझं डोकं ठिकाणावर आहे."

"आत्ताच्या आत्ता चल इथून." तिनं माझ्या तीन साड्या बॅगेत कोंबल्या. "एक मिनिट थांबायचं नाही."

"आता का? मघाशी विसरते म्हणून नेणार होतीस."

"तू ऐकलं नाहीस का? तू घाबरत कशी नाहीस?"

"या घरातल्या आधीच्या मैनाकाकू त्या, व्रत अर्धं टाकून मुलानं नेलेल्या. देवापुढे यायला निघाल्या होत्या. पोचल्या. आता घाबरायचं काय?" मी पाटावर बसले. "त्यांच्या मुलानंही काळजीपोटीच नेलं असेल गं. वाईट नसेल तो."

वैष्णवी त्या पावलाकडे बघत राहिली. मग बॅगेकडे. माझ्या तीन साड्या तिनं बॅगेतून काढल्या, घडी मोडली होती ती परत घातली आणि कपाटात ठेवल्या. संध्याकाळी निघाली तेव्हा गोपद्मांवर पाय पडू नये म्हणून भिंतीला चिकटून गेली.

त्यानंतर मी पुसलं नाही. कार्तिकीपर्यंत ते रोज त्याच जागी नव्यानं उमटत राहिलं, पुढे सरकलं नाही. मी केर काढताना तेवढी फरशी सोडायचे. उद्यापन त्यांचं म्हणूनच केलं. मंजुषा आणि तिचा नवरा जेवायला, एक पान मैनाकाकूंच्या नावानं, आणि ते पान मळ्यातल्या गाईला. गाईनं पुरणपोळी आधी खाल्ली.

दुसऱ्या दिवशी देवघरापुढची फरशी कोरी. ऊन तिथे आलं, थांबलं, स्वयंपाकघरात गेलं. घर फार शांत वाटलं. मी चहा केला आणि दोन कप काढले, मग एक परत ठेवला.

दुपारी वैष्णवीचा फोन. "गेल्या का त्या?"

"गेल्या."

"मग आता येतेस का माझ्याकडे?"

"माझं पहिलंच वर्ष झालंय गं. अजून चार आहेत."

"आणि मधेच तुला आणावं लागलं तर?"

देवघरापुढच्या त्या फरशीवर माझा पाय होता. आता गार लागत नव्हती.

"तर आण. पण घर विकशील तेव्हा घेणाऱ्या बाईला सांगून ठेव. चातुर्मासात जेवण झालं की एकदा व्हरांड्यात बघत जा म्हणावं. माझी फट सरळ असते."

पलीकडे खुर्ची ओढल्याचा आवाज आला.

मग म्हणाली, "आज भाजी काय केलीस?"