एका माशीच्या दोन जाती

संग्रहालयात तिला सगळे माशीबाई म्हणत. तोंडावर कुणी म्हणायचं नाही, पण तिला ठाऊक होतं. वीस वर्षं ती मिठागराच्या काठावरच्या माश्या गोळा करून टाचणीला टोचत आली होती आणि तिचे विभागप्रमुख त्यांना नावं देत आले होते. या माणसाचा जिवंत माशीशी संबंध चहाच्या कपापुरताच आहे, असं तिचं स्वच्छ मत होतं.

त्या वर्षी प्रमुखांनी दोन नव्या जाती जाहीर केल्या. एक चांदीसारख्या चकचकीत तोंडाची, दुसरी मातकट तोंडाची. सभेत टाळ्या पडल्या. प्रमुख "माझी तपश्चर्या" म्हणाले तेव्हा माशीबाईने खिडकीबाहेर पाहिलं. तपश्चर्या म्हणे! बुटाला कधी चिखल लागला नाही.

दुसऱ्या दिवशी तिने सहज खण उघडून माश्या भिंगाखाली धरल्या. चकचकीत तोंडाचे झाडून सगळे नर. मातकट तोंडाच्या झाडून सगळ्या माद्या. एवढी साधी गोष्ट त्या शहाण्याने तपासली नव्हती. आणि टोचणारी ती स्वतः, तिनेही नव्हती. हे तिला जास्त झोंबलं.

ती मिठागरावर जाऊन तीन सकाळी पालथी पडून राहिली. चौथ्या दिवशी प्रमुखांच्या खोलीत गेली.

"सर, ते नवराबायको आहेत."

"कोण?"

"तुमच्या दोन जाती."

प्रमुख हसले. "अहो बाई, किडे चुकतात कधी कधी. भलत्याच जातीशी लगट करतात."

"रोज? सगळेच्या सगळे? चला, दाखवते."

नाही म्हणायला सबब सापडली नाही म्हणून ते आले. नाकाला रुमाल लावून बांधावर उभे राहिले. "वास फार आहे हो इथे."

"आडवे व्हा, सर. उभ्याने दिसत नाही."

कुरकुरत त्यांनी वर्तमानपत्र अंथरलं आणि पोट सांभाळत आडवे झाले. ओल्या चिखलावर तांदळाच्या दाण्याएवढी, मातकट तोंडाची एक माशी आली. पुढचे पाय जाड, चिमट्यासारखे. त्या पायांनी तिने चिखलातून एक अळी उपसली आणि शोषायला लागली. तेवढ्यात चकचकीत तोंडाचा नर समोर येऊन थांबला. त्याने पुढचे पाय उंचावले, बाजूला झुलवले, पुन्हा उंचावले. मादीने अळी टाकली नाही, पण तिनेही एक पाय उचलला. तो वळसा घालून तिच्या पाठीवर चढला. पाहता पाहता काठावर अशा पाच-सहा जोड्या जमल्या.

प्रमुखांनी रुमाल खिशात कोंबला आणि मान पुढे काढली. एवढ्या वर्षांत पहिल्यांदाच ते खरोखर काहीतरी बघताहेत, असं तिला वाटलं आणि क्षणभर त्यांची दयाही आली.

मग कोपर झटकत ते उठून बसले. "छान. शोधनिबंध दोघांच्या नावाने देऊ. माझं आधी टाका, वजन पडतं."

दया जागच्या जागी विरली. "त्यात 'माझी चूक झाली' असं एक वाक्य घालाल?"

"चूक कसली? शास्त्र पुढे जातं, बाई!"

तिने निबंध एकटीच्या नावाने पाठवला. तो छापून आला आणि दोन जातींची एक झाली. प्रमुखांनी वार्षिक अहवालात लिहिलं, 'विभागाने स्वतःहून महत्त्वाची सुधारणा केली', आणि त्याच आठवड्यात माशीबाईची बदली तळमजल्यावर, शिंपल्यांच्या विभागात केली. तिथे खिडकी नव्हती.

महिनाभराने जिन्यात गाठ पडली. "काय बाई, राग नाही ना?" प्रमुख गोड आवाजात म्हणाले.

"राग?" तिने त्यांच्याकडे नीट पाहिलं, एखाद्या नमुन्याकडे पाहावं तसं. "छे हो. राग यायला समोर कुणीतरी असावं लागतं."

प्रमुखांना त्यातलं 'छे हो' तेवढं ऐकू आलं. बाई मनाने मोठ्या आहेत, असं ते पुढे कितीतरी दिवस सगळ्यांना सांगत होते.