बासष्ट किलो तांबं

माझ्या उरलेल्या तीन दातांची शपथ, यातला शब्द न् शब्द खरा आहे. हसाल तर तुमचेच दात पाडीन.

तुमच्या मावशीने, म्हणजे माझ्या धाकट्या लेकीने, चांगली नोकरी सोडून मालवाहतुकीचा धंदा काढला. एवढ्या अवाढव्य शहरात हिचा एकच ट्रक, तोही असला म्हातारा की भोंगा फक्त डावीकडे वळताना वाजायचा. कुणी माल देईना. शेवटी एका भंगारवाल्याने तांब्याची तार दिली, शहराच्या दुसऱ्या टोकाच्या कारखान्यात पोचवायला. म्हणाला, "ही फेरी नीट झाली तर रोजचा माल तुझा."

"आई, उतर खाली," लेक म्हणाली.

"पहिल्या फेरीला मी नको? अगं, मी बसलेली गाडीला कळणारसुद्धा नाही!"

भरलेली गाडी भंगारवाल्याच्या वजनकाट्यावर चढली, तेव्हा मी आत पाय पसरून बसले होते. वजनाची चिठ्ठी घेतली नि निघालो. कारखान्याच्या फाटकावर वॉचमन म्हणाला, ड्रायव्हरशिवाय कुणी आत जायचं नाही. मग मी बाहेर टपरीवर चहा घेत बसले.

जरा वेळाने आतून आरडाओरडा. तिथल्या काट्यावरचा बाबू लेकीवर खेकसत होता, "चिठ्ठीपेक्षा बासष्ट किलो कमी भरतंय. तांबं वाटेत कुठं उतरवलंत?"

"एक तारसुद्धा नाही उतरवली हो!"

"मग काय, पाय फुटले त्याला?"

लेकीचा आवाज फाटला होता. चोर म्हणून नाव झालं की संपलंच; पुन्हा तिच्या गाडीत कोण माल भरणार?

माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. कप टाकला, वॉचमनच्या काखेखालून आत घुसले. "अरे बाबा, पायच फुटले! तुझं तांबं बाहेर चहा पीत होतं!"

मला गाडीत चढवलं. आकडा जुळला. अर्धा किलो वरच भरला, ती टपरीवर खाल्लेली बिस्किटं.

बाबूने माल उतरवून घेतला, पण भंगारवाल्याला फोन केलाच. तो लेकीला म्हणाला, "तांब्याच्या गाडीत आई फिरवतेस होय? रोजच्या मालाचं बघू."

परतताना लेक इतकी हसली, इतकी हसली, की गाडी कडेला घ्यावी लागली.

बरं, दातांची शपथ घेतलीय म्हणून सांगते. ते हसणं मी पदरचं घातलंय. घर येईपर्यंत ती समोर बघत राहिली, एक शब्द बोलली नाही.

भोंग्याचं मात्र खरं आहे. वाटेतल्या प्रत्येक डाव्या वळणावर तोच तेवढा बोलला.