चौदा कंटेनरांची बेरीज

आकडा कधी खोटं बोलत नाही. आमच्या ऑपरेटरची ही श्रद्धा सोमवारी ठाम होती, मंगळवारी दुपारी संपली.

सर्व्हरवर चौदा कंटेनर होते, म्हणजे आपापल्या बंद खोलीत राहणारे चौदा प्रोग्राम. कोण किती मेमरी खातो ते मशीन एकेकाचं सांगे, बेरीज सांगत नसे. साहेबांना नेमकी बेरीजच हवी होती. ऑपरेटरला गुरुवारची रजा हवी होती. वडिलांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन होतं आणि म्हातारा सुईलासुद्धा घाबरे. बेरीज दहा हजार एमबीच्या आत आण आणि खुशाल जा, असं साहेब म्हणाले.

ऑपरेटरने कमांड लाइनवर, म्हणजे मशीनला हुकूम टाइप करायच्या जागी, एक ओळ लिहिली: यादी घे, आकडे उचल, बेरीज कर. सोमवारी सकाळी बारा हजार आले. संध्याकाळी अकरा. मंगळवारी जेवायच्या आत नऊ. साहेबांनी नऊ हजारांचा आकडा वर कळवला आणि रजेवर सही ठोकली. नुसती नजर ठेवली तरी माणसं सुधारतात, हे तर प्रोग्राम, असंही ऐकवलं.

जेवून आल्यावर ऑपरेटरने सहज मूळ यादी पाहिली. एखादा कंटेनर एक हजार चोवीस एमबीवर गेला की मशीन त्याला '१ जीबी' लिहीत होतं. ऑपरेटरची ओळ फक्त आकडा उचलत होती, एमबी-जीबी बघतच नव्हती. हजार जात, एक येई. जो जितका फुगे, तितका बेरजेत वाळे. खरी बेरीज तेरा हजारांवर होती आणि मशीनची मजल सोळा हजारांपर्यंत.

त्याने जाऊन सगळं कबूल केलं. साहेबांनी आधी दार लावून घेतलं.

"वर किती कळवले आपण?"

"नऊ."

"मग नऊच. वर गेलेला आकडा मला खाली उतरवता येत नाही, बाबा."

"पण साहेब, मशीन बसेल."

"बसेल तेव्हा तू इथे हवास."

म्हणजे आकडा नऊचाच राहिला, रजा तेवढी तेराच्या हिशेबाने रद्द झाली. कंटेनर बंद करून पुन्हा चालू केले की मेमरी मोकळी होई, पण त्याला वरची परवानगी लागे, आणि नऊ हजारांसाठी ती कोण देणार?

वडील फोनवर म्हणाले, "डोळा माझा, मशीन तुझं. ज्याने त्याने आपापलं बघावं." मग सुई केवढी असते, तेही त्यांनी विचारलं. शेजारचे काका त्यांच्यासोबत गेले.

गुरुवारी तो स्क्रीनसमोर बसून होता. साडेअकराला बेरीज सहा हजारांवर उतरली. साहेब जाता जाता त्याची पाठ थोपटून गेले.

बाराला मशीन बंद पडलं. ते चालू करायचं बटण तळमजल्यावर, कुलपात होतं. किल्ली वॉचमनकडे असे. वॉचमननेच ते दोन मिनिटांत चालू केलं.