न नेलेले कपडे

आमच्या आईने निम्म्या लातूरला कपडे शिवले आणि स्वतः मात्र लातूरकरांचेच कपडे घातले. म्हणजे गिऱ्हाइकांनी शिवायला टाकलेले आणि परत न नेलेले.

गंजगोलाईच्या मागच्या बोळात तिचं दुकान होतं. पाटीवर 'ऋतुरंग बुटीक' असं लिहिलेलं. बुटीक म्हणजे दोन मशीन, एक आरसा, एक पडदा आणि पडद्यामागे गौरम्मा. गौरम्मा निलंग्याकडची, काज-बटण, फॉल आणि गावातल्या बातम्या ही कामं तिच्याकडे. आईला ती अक्का म्हणायची. आईचं नाव महामाया. पण दुकानात हे नाव फक्त वीजबिलावर यायचं.

नवं शिवून घेण्यापेक्षा आहे ते वापरतं करून घ्या, असं आई गिऱ्हाइकांना सांगायची. शिंप्याने असं सांगणं म्हणजे धंद्यावर पाणीच. पण तिचा धंदा त्यावरच चालला. मार्चमध्ये ती पंजाबी ड्रेसच्या बाह्या कोपरावर आणायची, जूनमध्ये सलवारीचा घेर चिखलातून वर उचलायची, डिसेंबरात त्याच कुर्त्याला आतून जुन्या कपड्याचं अस्तर लावायची. लग्नात एकदाच नेसलेल्या साडीचे काठ रोजच्या सुती कुर्त्यावर असे बसवायची की घालणारीला भाजी आणायला जातानाही जरा बरं वाटावं.

"आपल्याकडं ऋतू तीनच," ती म्हणायची. "उन्हाळा, लई उन्हाळा आन् लग्नसराई."

न नेलेल्या कपड्यांसाठी तिचा एक नियम होता. असा कपडा एक उन्हाळा, एक पावसाळा, एक हिवाळा हँगरवर वाट बघायचा. तोवर मालकीण आली नाही, तर आई तो स्वतःच्या मापाचा करून घालायला काढायची. "पडून राहिला तर कसर लागती. अंगावर राहिला तर जगतो."

मी नांदेडला एका कॉलेजात ग्रंथपाल आहे. नेलेलं पुस्तक परत न करणाऱ्याला मी मनातल्या मनात चोर समजते. आईचा प्रश्न बरोबर उलटा होता: लोक तिच्याकडे आणून ठेवायचे आणि न्यायला विसरायचे. सुट्टीत लातूरला आले की मी विचारायची, "आज कुणाला घातलंयस?" ती कॉलर चाचपून म्हणायची, "आज पाटबंधारेच्या वहिनी."

आई जानेवारीत गेली. लातूरला जी काय थोडी थंडी पडते, तिच्यात. पुण्यानुमोदनाला हॉलभर बायका पांढऱ्या कपड्यांत बसल्या होत्या. बुद्धवंदना चालू असताना माझ्या लक्षात आलं, की त्यातल्या बहुतेकींचे ब्लाउज मला पाठीकडून ओळखू येतायत. मान खाली घालून बसलेल्या बायकांच्या पाठी शिवणीच्या दृष्टीने फार बोलक्या असतात. कुठेही चुणी नव्हती. आई असती तर तिने आधी तेच पाहिलं असतं.

दुकान मार्चअखेर रिकामं करायचं, असं माझ्या भावाने, विनोदने, पुण्याहून ठरवलं. आईचे कपडे आम्ही गरजूंना वाटून टाकले. मी एकच ठेवून घेतला. निळा कुर्ता.

हातमागाचा, गडद निळा. निदान आला तेव्हा गडद होता. तोही कुणाचा तरी न नेलेला. कुणाचा, ते मी कधी विचारलं नव्हतं. आई तो बारा महिने घालायची. उन्हाळ्यात कोपरापर्यंत बाही, पावसात खालचा घेर वर दुमडलेला, थंडीत आतून अस्तर. चौदा एप्रिलला तर हटकून तोच. मिरवणुकीत ती बायकांच्या पुढच्या ओळीत असायची आणि त्या निळ्यामुळे लांबूनही सापडायची. दुकानात हार घालून ठेवलेला तिचा फोटो मागच्या जयंतीचा, त्याच कुर्त्यातला. मला तिचं दुसरं काहीच नको होतं.

दुकान आवरायला मी रजा टाकून आले, आणि भेटायला येणाऱ्यांचीही सोय झाली. येणारी प्रत्येक बाई आधी रडायची. खोटं नाही, मनापासून रडायची. मग पदराने डोळे टिपून पिशवी उघडायची.

"बाई म्हंजे सोनं होत्या सोनं," उमाबाई हुंदके देत म्हणाल्या. त्या मागच्याच बोळातल्या, आईच्या जुन्या गिऱ्हाईक. "आता असं मानूस न्हाई हो व्हायचं." मग पिशवीतून एक ब्लाउज निघाला. "ह्या बाह्या तेवढ्या बारीक करायच्या राहिल्या बघा. ऊन सुरू झालं न्हवं का."

"आईच गेली, उमाबाई."

"तेच म्हनते मी माय. आता कुनाकडं जावं?" आणि ब्लाउज माझ्या मांडीवर.

पडद्यामागून गौरम्मा म्हणाली, "ठिवा. शुक्करवारी या." मी तिच्याकडे पाहिलं, तर म्हणाली, "शटर बंद व्हायला टाइम हाय की अजून. उन्हाला कळतंय का कुनी गेलं म्हून?"

अशाच एका दुपारी चंद्रप्रभाबाई आल्या. मुलींच्या शाळेत शिक्षिका होत्या. निवृत्तीनंतर काही वर्षांनी मुलाकडे, अनिमेषकडे, हैदराबादला राहायला गेलेल्या. कडक इस्त्रीची साडी, हातात छत्री, आणि दुकानाची पायरीसुद्धा वर्गाची असल्यासारखी चढणं. बातमी त्यांना उशिरा कळली होती. त्या फोटोसमोर उभ्या राहिल्या, डोळे मिटून हात जोडले. मग डोळे उघडले. चष्मा काढला, पुसला, परत लावला आणि फोटोच्या अगदी जवळ गेल्या.

"कधीचा गं फोटो?"

"मागच्या जयंतीचा."

त्यांनी जोडलेले हात हळूच सोडले. "बुद्धप्रिया, रागावू नकोस. पण हा कुर्ता माझा आहे."

मी हसले असावे. आईच्या मिरवणुकीतला निळा रंग इतकी वर्षं चंद्रप्रभाबाईंच्या मालकीचा होता, हे पचायला वेळ लागला. बोळाच्या पलीकडच्या टोकाला त्यांचं घर. जयंतीची मिरवणूक जाताना त्या गच्चीत उभ्या असत, कदाचित स्वतःचाच कुर्ता खालून जाताना न ओळखता बघत.

"निवृत्तीनंतर घालायचा म्हणून कापड घेतलं होतं," त्या स्टुलावर टेकत म्हणाल्या. "जन्मभर साड्या नेसले. म्हटलं एक कुर्ता शिवून तर बघू. तुझ्या आईने शिवला, मी इथेच घालून पाहिला, आणि आरशात बघून मलाच लाज वाटली. लोक काय म्हणतील? बाह्या लांब करा, असं सांगून ठेवून गेले ते गेलेच. लांब बाह्यांचं काही नव्हतं. धीर होत नव्हता."

"मग आता?"

"आता मनस्विनीला हवाय. माझी नात. तिच्या कॉलेजात 'आजीचं कपाट' म्हणून एक दिवस आहे. आजीचे कपडे घालून जायचं आणि त्यांची गोष्ट सांगायची. साडी तिला नको. म्हणाली, आजी, तुझा एक तरी कुर्ता असेलच की."

म्हणजे आजीने एकदाही न वापरलेला कुर्ता आजीचा म्हणून मिरवला जाणार होता, आणि माझ्या आईने झिजवला होता तो कुठेच येणार नव्हता. इतिहास असाच लिहितात हे मी कपाटभर पुस्तकांत वाचलं होतं. घरच्या कपड्याला लागू होईल असं वाटलं नव्हतं.

"आईचे कपडे आम्ही वाटून टाकले, बाई," मी म्हणाले.

"अरेरे," त्या म्हणाल्या. खरंच हळहळल्या.

पडदा सरकला. "त्यो न्हाई वाटला, ताई," गौरम्मा म्हणाली. "तुमच्या बॅगंत हाय की."

मी तिच्याकडे असं पाहिलं, की दुसरी कुणी असती तर गप्प बसली असती. गौरम्मा दोरा दाताने तोडत म्हणाली, "ह्या दुकानातनं कुनाचं कापड गेलं न्हाई आजवर. अक्का गेली म्हून आता जानार व्हय?"

मी बॅग उघडली. चंद्रप्रभाबाईंनी माझी थाप ऐकलीच नव्हती अशा चेहऱ्याने रस्त्याकडे पाहिलं. शिक्षिकांना ते जमतं. मी कुर्ता टेबलावर ठेवला तेव्हा मात्र त्यांचा चेहरा पडला. अंगाने त्या आईच्या दीडपट.

"हा तर किती लहान केला गं."

"आईच्या मापाचा झाला ना," मी जरा घाईनेच म्हणाले. "कापलाही असेल. आता तुमच्या कामाचा नाही. आणि मनस्विनी तर बारीक असेल, तिला नवीनच..."

"तिला ढगळ हवाय. आजीच्या मापाचाच. तीच फॅशन आहे म्हणे."

गौरम्माने कुर्ता उलटा केला आणि आतली बाजू आमच्यापुढे धरली.

एक धागासुद्धा कापलेला नव्हता. दोन्ही कुशींतलं जादा कापड आत सपाट दुमडून मोठ्या धावदोऱ्याने धरलेलं होतं. घेराचंही तसंच. बाह्या कापून नाही, दुमडून आखूड केलेल्या. अस्तर वरच्यावर टाचलेलं. मशीनची टीप कुठेच नव्हती. सगळं हाताचं, कच्चं, ओढलं की सुटेल असं.

"सगळं असंच करायची," गौरम्मा म्हणाली. "सोताचं म्हून एक टीप मारली न्हाई. म्हनायची, मालकीन दारात आली तर च्या उकळस्तवर मोकळं व्हाया पायजे."

म्हणजे ही सगळी वर्षं आई तो कुर्ता पाहुण्यासारखी घालत होती. मिरवणुकीतसुद्धा. आणि मी तो तिचा म्हणून बॅगेत घातला होता.

मला नाही म्हणता आलं असतं. दुकानाचा नियम माझ्या बाजूने होता. मुदत केव्हाच उलटली होती. शिवाय चंद्रप्रभाबाई सुशिक्षित बाई होत्या. मी नुसती थोडा वेळ गप्प राहिले असते, तर त्यांनीच "राहू दे, तुझ्या आईची आठवण आहे" असं म्हटलं असतं. मी गप्प राहिलेही. त्यांनी कुर्त्यावरून हात फिरवला, माझ्याकडे पाहिलं.

"मग देतेस मोकळा करून? मी बसते."

त्यांच्या आवाजात काही वाईट नव्हतं. दुकानात आलेल्या गिऱ्हाइकाचा आवाज होता तो. गौरम्मा अर्धं ब्लेड घेऊन पुढे आली. "द्या, करते मी."

"नको," मी म्हणाले. "चहा सांग बाईंना."

आधी अस्तर निघालं. आई गेल्यापासून ते काढायचं कुणाला सुचलंच नव्हतं. बाहेर मार्चचं ऊन तापत होतं आणि कुर्त्यात अजून जानेवारी होता. आतून मऊ पडलेला पांढरा कपडा. हा तरी तिचा, असं म्हणून मी तो घडी घालून मांडीवर ठेवला.

"ते उमाबाईच्या परकराचं हाय," गौरम्माने सांगितलं. "न्यायला आलीच न्हाई."

चंद्रप्रभाबाई चहाच्या घोटासकट हसल्या, मग हसल्याबद्दल ओशाळल्या, मग मीही हसले म्हणून परत हसल्या.

घेराचे टाके हिरव्या दोऱ्याचे होते. बाहीचे तपकिरी. सुईत असेल तो रंग. आतलं कोण बघतंय. कुशींचे टाके सगळ्यांत जुने आणि सगळ्यांत सरळ. मी ते एकेक करून काढले. ब्लेड लावायची गरज पडत नव्हती. टोक धरलं की दोरा निघून येत होता, जणू तिने माझ्यासाठीच सोपं करून ठेवलं होतं. पण ते माझ्यासाठी नव्हतंच. ते चंद्रप्रभाबाईंसाठी होतं. शेवटचा टाका सुटला आणि कुर्ता टेबलावर पसरून अनोळखी झाला.

"घालून बघू का?" चंद्रप्रभाबाईंनी इतक्या हळू विचारलं, की मी पडदा धरून उभी राहिले.

साडीवरूनच त्यांनी तो घातला आणि आरशासमोर आल्या. बसला होता नीट. फक्त दोन्ही कुशींना, काखेपासून खालपर्यंत, गडद निळे पट्टे उठले होते. दुमडून आत राहिलेलं कापड, ऊन न लागलेलं. कापड आलं तेव्हाचा मूळ रंग. मधला भाग विटून फिका झालेला. त्या दोन पट्ट्यांच्या मध्ये जो फिका आकार होता तो अरुंद छातीचा, सपाट पोटाचा, कमरेत किंचित डावीकडे झुकलेला. मशीनवर बसणारी बाई जशी झुकते तसा.

चंद्रप्रभाबाईंनी बराच वेळ आरशात पाहिलं. लाजल्या नाहीत. मग बोटाने एक पट्टा चाचपला.

"हे असंच राहणार का गं? मनस्विनी तर म्हणेल, छान डिझाइन आहे. पण कार्यक्रमानंतर मीच घालीन म्हणते. जाईल ना हे?"

"जाईल की," गौरम्मा म्हणाली. "गच्चीवर चांगलं कडक उनात वाळत घाला. एका उन्हाळ्यात सगळं एकसारखं."

मी कुर्ता त्यांच्या अंगावरून उतरवून घेतला, घडी घातली, कागदी पिशवीत ठेवला.

"ऊन अजिबात लागू देऊ नका," मी म्हणाले. "हातमागाचा रंग आहे. सावलीतच वाळवायचा. दरवेळी."

गौरम्माने माझ्याकडे पाहिलं. आयुष्यात पहिल्यांदाच ती काही बोलली नाही. चंद्रप्रभाबाईंनी मान डोलावली, "बरं झालं सांगितलंस," असं म्हणून पिशवी छातीशी धरली आणि छत्री उघडून उन्हात उतरल्या.