कोरडी भिंत

चढ संपला तेव्हा धाप सुताराला लागली होती, मनीला नाही.

"बसता का जरा, बाबा?" तिने विचारलं.

आजवर हा प्रश्न तोच तिला विचारत आला होता. "मला काय धाड भरलीय बसायला," म्हणत तो कठड्याला टेकला आणि समोर पाहू लागला. दोन बैठ्या इमारती, मागे दाट झाडी, हवेत गारवा. एवढंसं कॉलेज! त्यांच्या शहरातल्या कॉलेजच्या सायकल स्टँडमध्ये मावलं असतं.

ते शहरातलं कॉलेज घरापासून हाकेच्या अंतरावर होतं. तिथे मनीला प्रवेशही मिळत होता. पण भरगच्च वर्गांचा तिने धसका घेतला होता. शाळेत खोकल्याची उबळ आली की सगळ्या माना वळायच्या, म्हणून ती कायम दाराजवळच्या बाकावर बसायची. दमा लहानपणापासूनचा. घर वर, सुतारकामाचा कारखाना खाली. लाकडाचा भुसा जिन्याने वर चढायचा. त्याबद्दल मनीने कधी चकार शब्द काढला नव्हता. डॉक्टरांनी मात्र बजावलं होतं, "धूळ आणि ओल, दोन्हींपासून हिला लांब ठेवा."

हे सगळं ठाऊक असूनही सुतार आज आला होता तो या कॉलेजात काहीतरी खोट काढायलाच. एकुलत्या एक पोरीला इतक्या लांब ठेवायचं त्याच्या अगदी जिवावर आलं होतं.

वनस्पतिशास्त्राच्या बाईंनी मनीला तासाला बसवून घेतलं. वर्ग कसला, एका लांबलचक टेबलाभोवती जेमतेम दहा-बारा मुलं, आणि टेबलभर पसरलेला पाला. सुतार बाहेर व्हरांड्यात उभा राहिला. थोड्या वेळाने आत हशा पिकला. त्यात मनीचं हसू त्याने बरोबर ओळखलं. तिचं हसू नेहमी खोकल्यात संपायचं. तो सवयीने खोकल्याची वाट पाहत राहिला.

खोकला आला नाही.

मग वसतिगृहाच्या बाईंनी खोली दाखवली. दोन खाटा, दोन टेबलं, एक कपाट. मनी खिडकीशी गेली, बाहेर पाहिलं आणि एकदम गप्प झाली. तिला काही मनापासून आवडलं की ती अशीच गप्प व्हायची.

"पावसाळ्यात भिंती ओल धरत असतील ना?" सुताराने विचारलं.

"काही खोल्यांत धरतात," बाई म्हणाल्या. "ही त्यातली नाही. तुम्ही बघा ना."

त्याने कपाट पुढे ओढलं. मागच्या भिंतीवर पंजा टेकवला, खालपासून वरपर्यंत फिरवला, कोपऱ्यात नाक खुपसून वास घेतला. मनी वळून त्याच्याकडे पाहत होती.

"सांगा बाबा. ओल असेल तर राहू दे. मी आपल्या तिथल्याच कॉलेजात जाईन, खरंच."

ती मनापासून म्हणत होती. त्याने नुसतं 'हो' म्हटलं असतं, तरी तिने स्वतः भिंतीला हात लावून पाहिलं नसतं. संध्याकाळी दोघं एकाच बसने घरी परतले असते, आणि तिने कधी कुरकुर केली नसती.

त्याने भिंतीवरून पुन्हा एकदा पंजा फिरवला.

"कोरडी आहे," तो म्हणाला. "ठणठणीत कोरडी." आणि कपाट मागे ढकलायला त्याने उगाचच फार वेळ घेतला.

कॉलेज सुरू झालं, तसं तो मनीला सोडून आला. दुसऱ्या दिवशी कारखान्यात दाराच्या चौकटीचं काम काढलं होतं. दुपार कलली तसं त्याने करवतीचं मशीन बंद केलं आणि जमिनीवर पाणी शिंपडायला घेतलं. ही मनीची घरी यायची वेळ.

मशीनचा आवाज थांबलेला ऐकून बायको जिन्यात आली. "अहो, आता कशाला बंद करता? चालू द्या की."

"हो की," तो म्हणाला.

बायको वर गेली. त्याने उरलेलं पाणी शिंपडलं, झाडू घेतला आणि भुसा दाराकडे लोटायला सुरुवात केली.