एका राऊटरची वाटणी

रक्ताच्या नात्याहून पवित्र असं या जगात काहीही नाही, असं थोरल्या मामांचं ठाम मत होतं. ते त्यांनी धाकट्या भावाच्या केबिनला कान लावूनच भाचीला ऐकवलं.

दोघेही भाऊ आर्किटेक्ट. ऑफिस एक, मधे प्लायवुडची भिंत. एकाच शाळेच्या इमारतीसाठी दोघांनी वेगवेगळे आराखडे केले होते आणि ते कागदावर छापून चारच्या आत पोचवायचे होते. दोघांचं इंटरनेट एकाच राऊटरवर; धाकटा त्यातून हात घालून थोरल्यांच्या आराखड्यातला गोल जिना पळवणार, अशी थोरल्यांची खात्री. म्हणून नेटवर्कचं काम करणाऱ्या भाचीला बोलावणं गेलं.

"डबा एकच राहील मामा, पण आत दोन वेगळे संसार थाटते. वायर खुपसायचं हे पोर्ट तुमच्यात, ते धाकट्या मामांच्यात. इकडच्या वाटा तिकडे कळणार नाहीत."

"त्याच्याकडचं मला काही म्हणजे काही नको. आणि तू कोणाच्या बाजूची?"

"आईच्या. ती म्हणते, दोघंही एका माळेचे मणी."

तिनं थोरल्यांचं पोर्ट नव्या संसारात टाकलं. त्यांचं नेटवर्क तत्काळ बंद.

"फितूर! सामील आहेस त्याला!"

"अहो, पोर्ट हलवलं की हा डबा त्याचा पत्ता पुसून टाकतो. पुन्हा भरायचा असतो. म्हणून तर आधी चिठ्ठीवर उतरवला होता. इथंच ठेवली होती..."

मामा खिडकीबाहेर बघू लागले. आकड्यांची ती चिठ्ठी त्यांना भलतीच संशयास्पद वाटली होती. तुकडे करून त्यांनी ती कुंडीत पुरली होती.

"बरं, तुमच्या कॉम्प्युटरमध्येही पत्ता सापडेल. जरा बसू द्या."

"त्यात जिना आहे."

मग भाचीनं माती उकरली, टेबलावर तुकडे जुळवले, पत्ता भरला. नेटवर्क सुरू झालं तेव्हा साडेतीन वाजून गेले होते.

"आता तो इकडे येऊ शकत नाही?"

"तुम्हीही तिकडे जाऊ शकत नाही."

समाधानानं मामांनी छापण्याचं बटण दाबलं. काहीच झालं नाही. पुन्हा दाबलं.

"प्रिंटर कुठाय?"

"ऑफिसात एकच आहे ना, धाकट्या मामांच्या केबिनमध्ये. म्हणजे त्यांच्या संसारात. मधे एक वाट ठेवू का? पण मग त्या वाटेनं..."

"नको!"

पावणेचार वाजले. मामांनी आराखडा पेनड्राइव्हवर घेतला, मुठीत घट्ट धरला आणि प्लायवुडवर बोटानं टकटक केली.

"अरे, ऐकतोस का? एवढं एक पान छापून दे. पण डोळे मिटून."